वाईट आधी सांगणारे पावणं

कुणाच्याही घरी गेले की ते आधी संडासात जायचे. लागली म्हणून नव्हे. घर विकायचं आहे म्हणून कुणी बोलावलं, की हे दारात चपला काढायचे, पाणी नको म्हणायचे, चहा नको म्हणायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, "वैनी, संडास कुठं हाय?" बायका लाजायच्या. हे आत जाऊन बादलीभर पाणी ओतायचे, ते कसं जातंय ते कान लावून ऐकायचे आणि बाहेर आल्यावर मग सगळ्यांना नमस्कार करायचे.

त्यांचा धंदा घरं विकून द्यायचा. आधी लोक त्याला दलाल म्हणायचे, पुढं एजंट म्हणायला लागले. आपल्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. हे ओळखीच्यालाही पावणं म्हणायचे, सख्ख्या भावालाही म्हणायचे, म्हणून सगळी पेठ त्यांनाच पावणं म्हणायला लागली. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे. पण मागं सून आहे, नातवंडं आहेत आणि मी लिहिणार ते सगळंच गोड नाही, म्हणून लिहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जे झालं तेवढं सांगते.

माणूस ठेंगणा, पोट पुढं, पांढरा लेंगा पोटऱ्यांच्या वर घेतलेला. तोंडात तंबाखू कायम, त्यामुळं निम्मं बोलणं समोरच्याला ओळखावं लागायचं. ऑफिस वगैरे काही नव्हतं. सायकलच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं, तिथं बसायचे. घर बघायचं म्हणजे अनवाणी बघायचं. प्रत्येक कोपऱ्यात पाय दाबून उभे राहायचे. फरशीखाली ओल असली तर तळव्याला कळते म्हणायचे. मग मधल्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि गप्प. शेजारी कोण भांडतंय, वर कोण चालतंय, मागची गटार कशी वाहते, सगळं ऐकत बसायचे. एका घरी असे बसले ते जेवणवेळ झाली तरी उठेनात. शेवटी त्या बाईनं ताट वाढलं. जेवून, हात धुऊन मालकाला म्हणाले, "घर इकू नका, पावणं. थोरल्या पोराला तेवढं येगळं करा. भांडान घराचं न्हाई, चुलीचं हाय." आणि दलाली सोडून निघून आले.

त्यांच्या घरी मात्र कौलं फुटलेली. पावसात त्यांची बायको घरभर पातेली मांडायची. मला म्हणायची, "जगाच्या घरात वल शोधत फिरतंय हे माणूस. हितं आंथरुणात पाणी येतंय ते दिसंना झालंय." त्यांना सांगितलं तर म्हणायचे, "ते मला म्हाईत हाय की. म्हाईत असल्यावर त्याचं काय एवढं!"

बाकीचे एजंट घराचं चांगलं सांगतात. हे वाईट आधी सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, घर सगळ्यात वाईट कधी दिसतं ती वेळ हेरून गिऱ्हाईक न्यायचे. नळाला पाणी यायच्या वेळी, गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घागरी ढकलत असताना न्यायचे. गणपतीत कर्णा दाराशी लागलेला असताना न्यायचे. नदीकडच्या एका घरासाठी एका वकिलाला भर पावसात घेऊन गेले. रस्त्यावर गुडघाभर पाणी. वकील चिडले, म्हणाले, "अहो, हे दाखवायला आणलंत मला?" पावणं लेंगा वर धरून पाण्यात उभे. "व्हय. उन्हाळ्यात तुम्ही एकटं येऊन बगितलासा तरी चालतंय. तवा माझी काय गरज न्हाई." वकिलानं ते घर घेतलं नाही. पण पुढं दुसरं घर घेताना दुसऱ्या कुणाकडं गेला नाही.

आम्हाला घर त्यांनीच दिलं. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, उद्यमनगरात लेथवर कामाला होते. आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि घरमालकाला खोली हवी होती. पावण्यांनी आम्हाला भर उन्हाळ्यात एका गल्लीत नेलं. दोन खोल्या खाली, एक वर, दारात उंच दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या. भिंतीला भिंत लागून मिरचीचं कांडप होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, लोखंडी मुसळं मशीनवर वरखाली होतात, खाली मिरच्या कुटल्या जातात. होळी झाली की कोल्हापुरातली प्रत्येक बाई वर्षाची चटणी करते. पार मृगाच्या पावसापर्यंत त्या भिंतीत धाड-धाड-धाड आणि हवेत तिखट. आमचे मालक आत पाऊल टाकताच शिंकायला लागले.

"हे वाईट," पावणं म्हणाले. "ह्येच्यामुळं घर स्वस्त हाय. चांगलं तुमचं तुम्ही बघा."

मालक म्हणाले, "चला, ह्ये काय माणसानं ऱ्हायचं घर हाय?"

पावणं माझ्याकडं बघत होते. "वैनी, तुम्ही शिंकला न्हाईसा."

माझं माहेर गडहिंग्लजकडचं, मिरचीच्या शिवारातलं. लहानपण मिरच्या तोडण्यात आणि वाळवण्यात गेलं. मला तिखटाचं काही वाटत नाही. हे त्यांना माहीत होतं. आमच्या आधीच्या खोलीत येऊन दोन-तीनदा चहा पिऊन गेले होते, तेव्हा मला वाटलं होतं चहाला हपापलेला माणूस. ते माझं माहेर विचारून घेत होते. मालक दिवसभर कामावर. घरात राहणार मी. त्यांनी घर मालकांना दाखवलंच नव्हतं, मला दाखवलं होतं.

त्या घरात मुलगा वाढला, शिकला, पुण्याला कॉम्प्युटरात नोकरीला लागला. मालक गेले. आणि मग माझे गुडघे गेले. दारातल्या त्या पायऱ्या मला उतरता येईनात. एकदा दूध आणायला उतरले आणि परत चढता आलं नाही म्हणून खालच्याच पायरीवर बसून राहिले. कांडपावरच्या माणसानं हाताला धरून वर नेलं. त्या दिवशी ठरवलं, घर विकायचं आणि तळमजल्यावर एखादा लहान फ्लॅट घ्यायचा. मुलगा म्हणाला, "पुण्याला ये." मी म्हटलं, "आठ दिवस येते. ऱ्हायला न्हाई." सुनेच्या घरात मी आणि माझ्या तोंडापुढं सून, हे दोघींनाही जमणारं नव्हतं.

गडमुडशिंगीच्या वाटेला एक नवीन बिल्डिंग होत होती. तळमजल्यावर एकच लहान फ्लॅट राहिला होता. बिल्डर म्हणाला, "मावशी, गुढीपाडव्यापर्यंत तुमच्यासाठी धरतो. त्याच्या पुढं न्हाई." तेव्हा दिवाळी चालू होती. पाडव्याच्या आत घर विकलं तर माझं माझं दार, नाहीतर पुण्यातली मागची खोली. एवढा साधा मामला होता.

मुलगा म्हणाला, "आता एजंट-बिजंट कोण बघतंय? नेटवर टाकतो." त्यानं फोटो काढले. काढायच्या आधी माझी दोरीवरची लुगडी काढली, शेजारणीच्या कुंड्या आणून दारात ठेवल्या, देवाच्या फोटोवरचं जळमट झाडलं. फोटो दाखवल्यावर मला माझं घर ओळखू येईना. खाली लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं. हवेशीर, मध्यवर्ती, शांत परिसर.

"शांत?" मी म्हटलं.

"आता शांतच हाय की, आई."

खोटं नव्हतं. दिवाळीत कांडप बंदच असतं.

फोन मात्र यायला लागले. पुण्याहून, मुंबईहून, एक तर दुबईहून. पार्किंग आहे का? गच्चीचा हक्क कुणाचा? खिडकीतून काय दिसतं? मी म्हटलं, समोरच्या बाईची वाळत घातलेली लुगडी दिसतात. माणसं सभ्य होती, कुणी उलटं बोललं नाही. पण घरात राहणाऱ्यांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

पावण्यांनाही मी सांगून ठेवलं होतं. ते आले, संडासात जाऊन आले, आणि म्हणाले, "होळीनंतर दाखवू."

"होळीनंतर पाडवा कितीसा लांब असतोय, पावणं? माझा फ्लॅट जाईल."

"जाईल की ऱ्हाईल ते मग बघू. पण आत्ता घर झोपलंय. झोपलेल्या घराला गिऱ्हाईक दावत न्हाई मी."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. ते तंबाखू मळत ऐकत बसले.

थंडीत नेटवरचं एक जोडपं पुण्याहून आलं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, मूळचा इकडचाच, आता परत यायचं म्हणत होता. घर त्यांना फोटोतच आवडलं होतं, बघून जास्त आवडलं. भाव मुलानं सांगितला तोच मान्य. मुलगाही आला होता. मी पोहे केले. आता इसाराचं, आगाऊ पैशांचं बोलायचं, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. पावणं. त्यांना कुणी सांगितलं मला आजही माहीत नाही. अनवाणी आत आले आणि मधल्या खोलीत बसले.

"पावणं, घरात दमा कुणाला हाय?" त्यांनी त्या बँकेवाल्याला विचारलं.

तो गोंधळला. "आमच्या आईंना आहे. का हो?"

"मग ह्या भिंतीपल्याड मिरचीचं कांडाप हाय. होळीला चालू हुतंय. म्हातारी मरंल."

पोहे तसेच राहिले. ते लोक चांगले होते, जाताना मला नमस्कार करून गेले. मुलगा मात्र लाल झाला. "काका, तुम्हाला काय गरज हुती? त्यांनी इचारलं असतं तर सांगितलं असतं आम्ही."

"इचारायला म्हाईत पायजे की," पावणं म्हणाले. "उद्या त्यांची आई खोकाय लागली की ते तुला फोन करणार न्हाईत. हितं येणार. कांडपवाल्याशी भांडणार, कोर्टात जाणार, त्येचं मशीन बंद करणार. त्येची बायका-पोरं त्या मिरचीवर हाईत. आणि तुझ्या आईला पायरीवरनं उचलून कोण आणलं ते तुला पुण्यात कळलं न्हाई."

मुलगा त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेला. मीही पावण्यांशी बोलायचं सोडलं. त्यांचं खरं होतं, पण खऱ्यानं मला फ्लॅट मिळणार नव्हता. माझं दार त्यांनी माझ्यासमोर बंद केलं होतं आणि वर ते राहिलेले पोहे खाऊन गेले होते.

होळी झाली. दुसऱ्या दिवसापासून भिंत धडधडायला लागली. आणि पावणं गिऱ्हाईकं घेऊन यायला लागले. दुपारी, ऐन गर्दीत, पायऱ्यांवरच्या मिरचीवाल्या बायकांमधून वाट काढत. आलेल्याला ते त्या भिंतीला खेटून उभं करायचे आणि स्वतः त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. माणूस शिंकला की म्हणायचे, "चला." घराबद्दल एक शब्द नाही. एक मास्तर आले, शिंकले, गेले. एक कापडवाला आला, त्यानं नाकाला रुमाल लावला, पावण्यांनी तो रुमाल काढायला लावला, शिंकला, गेला. पायऱ्यांवरच्या बायकांना खेळ झाला. त्या आत डोकावून विचारायच्या, "काय वो, पास का नापास?"

मुलाचा फोन आला, "नेटवर भाव कमी करू का?" मी म्हटलं, "कर." पाडवा आठवड्यावर आला होता. मी मनातल्या मनात पुण्याची पिशवी भरायला लागले होते.

मधे पावणं दिसेनासे झाले. मला वाटलं तोंड चुकवत आहेत. ते इचलकरंजीला गेले होते. एस.टी.नं जायचे आणि यंत्रमागांच्या शेडबाहेर, चहाच्या टपऱ्यांवर बसायचे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. घर कुणाला पाहिजे असं विचारतच नव्हते. झोप कुणाला लागत नाही, असं विचारत होते.

त्यांनी तिकडून एक नवरा-बायकोची जोडी आणली. माणूस साठीकडचा, कानडीच्या वळणाचं मराठी बोलणारा. आयुष्यभर यंत्रमागाच्या शेडला लागून राहिला, आता माग विकले होते आणि मुलगी कोल्हापुरात दिली होती म्हणून इकडं यायचं होतं. कोल्हापुरात भाड्यानं राहूनही बघितलं होतं. त्याची बायको मला म्हणाली, "निवांत जागा हुती अक्का, पण ह्यास्नी झोपच न्हाई. रातभर उठून बसत्यात. माग बंद पडला की काय म्हणून दचकून उठत्यात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या."

पावण्यांनी त्याला भिंतीला टेकून बसवलं. पलीकडं मुसळं पडत होती. धाड-धाड-धाड. हवेत तिखट असं की माझ्यासुद्धा घशाला लागत होतं. मी त्याच्या नाकाकडं बघत होते. बायको सवयीनं पदर झटकत म्हणाली, "कापसाच्या फुफाट्यापेक्षा बरंच हाय की हे."

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर तो माणूस भिंतीला डोकं टेकून झोपलेला. तोंड उघडं, हात मांडीवर. बायकोनं तोंडावर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं की कशाचं मी विचारलं नाही. पायरीवरची एक बाई डोकावली, "पास का ओ?" पावण्यांनी हातानं तिला गप्प केलं. कांडपवाला जेवायला गेला, मशीन बंद झालं आणि तो दचकून उठला. "काय झालं?" म्हणाला.

"काय न्हाई," पावणं म्हणाले. "घर पसंत पडलं तुम्हाला."

पाडव्याच्या आत इसार झाला. भाव मुलानं नेटवर शेवटी कमी करून लिहिला होता त्यापेक्षा बरा मिळाला, पुण्याच्या माणसांनी कबूल केला होता तेवढा नाही. मुलगा अजून त्यावरून बोलतो. त्याचंही चूक नाही. आमच्या बिल्डिंगमधले अर्धे फ्लॅट नेटवरूनच विकले गेले आहेत आणि माणसं सुखानं राहतात. सगळं एकसारखं असलं की फोटोवर भागतं. पण माझ्या घराला मिरचीची खोड होती. ती खोड चालणारा माणूस कुठं बसलाय, ते शोधायला एस.टी.नंच जावं लागलं.

मी पावसाआधी फ्लॅटवर राहायला आले. हा फ्लॅट मी त्यांना न दाखवताच धरला होता, त्याचा त्यांना राग होता. सामान लावून झाल्यावर एके दिवशी आले. दारात चपला काढल्या. संडासात गेले, बाहेर येऊन मान हलवली. अनवाणी सगळीकडं फिरले. ओल नाही. मग नव्या फरशीवर मांडी घालून बसले. मी स्वयंपाक केला, तरी बसूनच.

"काय झालं, पावणं? वाईट सापडंना काय?"

"सापडलं की. हितं कायबी ऐकू येत न्हाई."

"मग बरंच की."

"काय बरं? तुमचं बी भाईर कुणाला ऐकू जाणार न्हाई. न्हाणीत पडलासा तर कोण येणार? तिकडं निदान मिरचीवाल्या बायका तरी हुत्या."

"पोरानं फोन दिलाय."

"फोन टेबलावर असणार आणि तुम्ही फरशीवर."

मला राग आला, कारण हे माझ्या मनात येऊन गेलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. ते उठले, तसेच अनवाणी बाहेर गेले आणि समोरच्या फ्लॅटचं दार हातानं बडवलं. बेल होती, पण बडवलं. एका तरुण मुलीनं दार उघडलं, आतली साखळी न काढता. फटीतून नुसता डोळा दिसत होता. मी माझ्या उंबऱ्यात चौकट धरून उभी.

"ताई, ह्या समोर ऱ्हायला आल्यात," पावणं माझ्याकडं बोट करून म्हणाले. "आधी वाईट सांगतो. तोंड लई फटकळ हाय. गुडघं गेल्यात. कुणाचं ऐकत न्हाईत, स्वतःच्या पोराचंबी न्हाई. आणि एकट्या असत्यात. दूधवाला येऊन गेला आणि पिशवी दारातच ऱ्हायली, तर तुम्हाला ह्यांचं दार वाजवावं लागंल. चालंल काय?"

मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. मुलगी फटीतून मला वरपासून खालपर्यंत बघत होती. माणूस घर बघतो तशी.

"आणि चांगलं?" तिनं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा."

तिनं मागं वळून आत बघितलं. मग म्हणाली, "आमचं बारकं रातभर रडतंय. त्यांना चालंल काय?"

"रडू दे की," मी उंबऱ्यातूनच ओरडले. "पर आधी ती साखळी काढ. म्हातारं माणूस उभं हाय आणि फटीतनं काय बोलतीस? आम्ही काय दरोडा घालाय आलोय?"

पावणं तिच्याकडं वळले. "बघा," म्हणाले. "मागनं सांगितलं न्हाई म्हणू नका."

ती हसली आणि तिनं साखळी काढली.